हस्तलेखन व टंकलेखन

हस्तलेखन व टंकलेखन : भाषेतील मजकूर लिपिबद्ध करण्याच्या दोन पद्धती. लेखणीच्या साहाय्याने हाताने अक्षरे काढणे म्हणजे हस्तलेखन आणि तयार अक्षराकृतीची कळ बोटाने दाबून ती आकृती कागदावर किंवा पडद्यावर उमटविणे म्हणजे टंकलेखन होय. हस्तलेखनात लिहिणारा प्रत्येक अक्षर दर वेळी नव्याने घडवितो. टंकलेखनात तो तयार अक्षरांतून हवे ते निवडतो. त्यामुळे हस्तलेखनात व्यक्तीचे वळण उतरते, तर टंकलेखनात सर्वांचे अक्षर सारखेच दिसते. गती, सुवाच्यता, प्रतींची संख्या व खर्च या दृष्टींनी या दोन पद्धतींची तुलना नेहमीच होत आली आहे. तथापि लेखनाचे साधन बदलले म्हणजे केवळ लिहिण्याची रीत बदलत नाही, तर पुढील पिढ्यांना काय वाचता येईल हेही त्या बदलाने ठरत असते. मराठी भाषकांच्या इतिहासात हा अनुभव विशेष स्पष्टपणे आढळतो. कारण मराठीत एका हस्तलिपीचा, म्हणजे मोडीचा, दैनंदिन व्यवहारातून लोप झाला आणि तिच्यातील प्रचंड कागदपत्रे मात्र मागे उरली.

हस्तलेखनाची परंपरा : मराठीत जुन्या काळापासून दोन लिप्यांचा वापर होता. धार्मिक व साहित्यिक ग्रंथ प्रायः देवनागरीत म्हणजे बाळबोध लिपीत लिहिले जात, तर हिशेब, पत्रव्यवहार, सनदा, महजर, वसुलाच्या नोंदी इ. व्यवहाराचे लेखन मोडीत होई. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा सांगितली जाते. मोडी ही धावती लिपी आहे. लिहिणारा आधी कागदावर आडव्या शिरोरेघा आखून घेई व मग त्या रेघांखाली, हात शक्य तितका न उचलता, अक्षरे एकमेकांना जोडीत जाई. इकार व उकार यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद या लिपीत सामान्यतः पाळला जात नसे. शब्द तोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याचीही पद्धत नव्हती. या सर्वांमुळे लेखनाला वेग येई. वाचणाऱ्याला मात्र विषयाची, काळाची आणि लिहिणाऱ्याच्या वळणाची ओळख असावी लागे.

लेखनाची साधने साधी होती. बोरू तासून त्याचे टोक तिरपे कापीत. काजळापासून केलेली शाई दौतीत ठेवीत. ओली शाई टिपण्यासाठी कागदावर बारीक वाळू टाकीत. दौलताबादी, जुन्नरी इ. हातकागद वापरात होते. कागद गुंडाळून किंवा घडी घालून रुमालात बांधून ठेवीत व अशा रुमालांचे दप्तर होई. राज्यकारभारात चिटणीस, फडणीस, मुजुमदार, कारकून अशी लेखनाशी निगडित पदे निर्माण झाली आणि त्यांतील अनेक नावे पुढे आडनावे बनली. शिवकालातील बाळाजी आवजी चिटणीस हे त्यांच्या लेखनकौशल्याबद्दल प्रसिद्ध होते. न लिहिलेले पत्र त्यांनी कोऱ्या कागदावरून अस्खलित वाचून दाखविले, ही आख्यायिका त्यांच्याच संबंधात सांगतात. चिटणिशी, रानडी यांसारखी मोडीची निरनिराळी वळणेही रूढ झाली होती.

बाळबोध लेखनाचा आदर्श समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात मांडला आहे. ‘लेखनक्रियानिरूपण’ असे त्या समासाचे नाव आहे. अक्षर वाटोळे, मोकळे व काळेभोर असावे, ओळी सरळ जाव्यात, आणि आरंभीचे अक्षर जसे असेल तसेच ग्रंथाच्या अखेरपर्यंत राहावे, म्हणजे सर्व ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. सर्व अक्षरांत एकसारखेपणा असावा ही अपेक्षा पुढे यंत्राने सहज पूर्ण केली. परंतु ती यंत्राच्या दोन शतके आधी हाताकडून केली जात होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हस्तलेखनाची मोठी उणीवही जुन्या लोकांना ठाऊक होती. प्रतीवरून प्रत करताना पाठ बदलत जात. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पाहून तिचे शुद्धीकरण केले, ते याच कारणाने.

या परंपरेचा ठसा मराठी भाषेवर उमटला आहे. ‘दस्तुरखुद्द’ म्हणजे मूळात स्वतःच्या हातचे लेखन. ‘वळण’ हा शब्द अक्षराच्या घाटाला आणि मुलाच्या संस्कारालाही लावतात. ‘कित्ता’ म्हणजे गिरविण्यासाठी दिलेला अक्षरांचा नमुना. त्यावरून ‘कित्ता गिरविणे’ म्हणजे अनुकरण करणे असा अर्थ आला. पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे काढीत, म्हणून आरंभीच्या शिक्षणाला ‘धुळाक्षरे’ म्हणत.

मुद्रण आणि मोडीची पीछेहाट : मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर मराठीच्या दोन लिप्यांतील समतोल ढळला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याने मराठीचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) छापले. कोशासाठी तेथे मोडीचे खिळेही वापरण्यात आले. तथापि मोडीचे सौंदर्य व सोय अक्षरे जोडण्यात होती आणि खिळे हे स्वभावतः सुटे असतात. शिळाप्रेसवर हस्ताक्षर जसेच्या तसे छापता येई, त्यामुळे काही काळ मोडी मजकूरही छापला गेला. पण खिळ्यांचे मुद्रण स्वस्त व सुबक होताच बाळबोध हीच छापील मराठीची लिपी ठरली. मुंबईतील गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी यांच्या छापखान्यांनी देवनागरी अक्षरांना देखणे रूप दिले. पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, कायदे व शासकीय राजपत्र बाळबोधीत निघू लागले. सुशिक्षित माणूस छापलेले बाळबोध वाची आणि हाताने मोडी लिही, अशी दुहेरी स्थिती एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या आरंभीही होती. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शालेय अभ्यासक्रमातून गेली आणि हे द्वैत संपले.

टंकलेखन यंत्र : अक्षरे उमटविणाऱ्या यंत्राचे एकस्व इंग्लंडमध्ये हेन्री मिल याने १७१४ मध्येच मिळविले होते. व्यवहारात उपयोगी पडेल असे यंत्र मात्र अमेरिकेतील मिलवॉकी येथील क्रिस्टोफर लॅथम शोल्स याने कार्लोस ग्लिडन व सॅम्युएल सूल यांच्या साहाय्याने तयार केले व १८६८ मध्ये त्याचे एकस्व घेतले. रेमिंग्टन या बंदुका बनविणाऱ्या कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले आणि १८७४ मध्ये ते विक्रीस आले. त्यात केवळ इंग्रजी मोठी अक्षरे होती. १८७८ च्या सुधारित यंत्रात एकाच कळीने दोन अक्षरे उमटविण्याची सोय झाली. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक, एका ओळीत व सुटी येतात. त्यामुळे कळ दाबताच अक्षर उमटावे आणि गाडा एक घर पुढे सरकावा, ही रचना त्या लिपीला पूर्णपणे अनुरूप होती.

भारतात टंकलेखन यंत्र प्रथम इंग्रजी व्यवहारासाठी आले. मुंबईतील व्यापारी पेढ्या, रेल्वे, न्यायालये व सरकारी खाती यांत ते रूढ झाले. कार्बन कागदामुळे एकाच वेळी अनेक प्रती काढता येऊ लागल्या. पूर्वी पाठविलेल्या पत्राची नक्कल नोंदवहीत हाताने उतरवून घ्यावी लागे. आता स्थळप्रत मूळ पत्राबरोबरच तयार होऊ लागली. कचेरीच्या कामकाजात टंकलेखनाने घडवून आणलेला हा कदाचित सर्वांत मोठा बदल होय. न्यायालयांच्या आवारात टेबल मांडून बसणारा टंकलेखक हा जुन्या अर्जनवीसाचा वारस ठरला. १९५५ मध्ये मुंबईत गोदरेज अँड बॉइस या कंपनीने भारतीय बनावटीची टंकलेखन यंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे भारतीय भाषांचे कळफलक असलेली यंत्रेही निघाली. हे उत्पादन २००९ मध्ये थांबले.

देवनागरी कळफलकाची समस्या : सामान्य टंकलेखन यंत्रावर सु. ४५ कळी असतात व प्रत्येक कळीवर दोन याप्रमाणे सु. ९० चिन्हे बसतात. देवनागरीत मात्र स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे, रफार, अनुस्वार इत्यादींसाठी छापखान्यात शेकडो खिळे लागत. हाताने लिहिणाऱ्याला ही संख्या जाणवत नाही, कारण तो जोडाक्षर जागेवर रचतो. यंत्रापुढे मात्र लिपीची कसोटी लागली. यावर दोन दिशांनी विचार झाला.

पहिली दिशा लिपी बदलण्याची होती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’ या एकाच अक्षराला काना-मात्रा लावून सर्व स्वर लिहावेत असे सुचविले. त्यामुळे इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांची स्वतंत्र रूपे अनावश्यक ठरत. किर्लोस्कर मासिकासारख्या नियतकालिकांनी ही पद्धत काही काळ वापरली. लोकमान्य टिळकांनीही मुद्रणाच्या दृष्टीने खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला होता. उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव समिती (१९४७) व लखनौ येथील लिपी सुधारणा परिषद (१९५३) यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला. यांतील बहुतेक सुधारणा लोकांच्या हातात रुळल्या नाहीत. शाळेत एकदा बसलेले हाताचे वळण सहजासहजी बदलत नाही, हे त्याचे मुख्य कारण दिसते.

दुसरी दिशा अक्षराचे पृथक्करण करण्याची होती आणि तीच यशस्वी झाली. देवनागरीतील अनेक व्यंजनांच्या उजवीकडे उभा दंड असतो. तो काढून टाकला की अर्धे अक्षर उरते. म्हणून कळीवर अर्धे अक्षर ठेवून त्याला काना जोडला की पूर्ण अक्षर मिळे आणि काना न जोडता पुढचे अक्षर उमटविले की जोडाक्षर होई. ट, ठ, ड, द यांसारख्या दंडहीन अक्षरांना हलंत चिन्हाचा आधार घ्यावा लागे. वरच्या मात्रा व खालचे उकार यांच्या कळी गाडा पुढे सरकवीत नसत. त्यामुळे ही चिन्हे आधीच्या किंवा पुढच्या अक्षराशी एकाच घरात बसत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असल्याने ती अक्षराच्या आधी उमटवावी लागे. परिणामी ‘द्ध’, ‘द्य’ यांसारखी जोडाक्षरे टंकलिखित मराठीत बेढब दिसत, पण मजकूर सुवाच्य राही. दोन-तीन पिढ्यांनी अशीच शासकीय मराठी वाचली.

या तडजोडीत काही सूक्ष्म भेद धोक्यात आले. मराठीत ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ हे दोन भिन्न शब्द आहेत; पहिला गुरूविषयी व दुसरा स्वयंपाक्याविषयी. त्यांतील फरक ‘र’ च्या दोन रूपांवर अवलंबून आहे. दर्या व दऱ्या यांचेही तसेच. हाताने लिहिताना हा भेद सहज दाखविता येतो. ज्या कळफलकावर अर्ध्या ऱ ची खूण नसेल, तेथे मात्र दोन्ही शब्द सारखेच उमटतात व अर्थ संदर्भावरून लावावा लागतो.

कचेरी, परीक्षा व उपजीविका : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) शासनव्यवहार मराठीतून करण्याचे धोरण आखण्यात आले. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम करण्यात आला व १ मे १९६६ पासून शासकीय कार्यालयांत मराठीचा वापर अनिवार्य झाला. पारिभाषिक संज्ञांबरोबरच मराठी टंकलेखन यंत्रे व ती चालविणारे कर्मचारी यांची गरज त्यामुळे वाढली. मराठी राज्यभाषा झाली ती कायद्याने, पण रोजच्या कागदावर ती आणली टंकलेखकांनी, असे म्हणता येईल.

लिपिक-टंकलेखक या पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटास ३० शब्दांची व इंग्रजीची ४० शब्दांची प्रमाणपत्रे आवश्यक ठरली. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी टंकलेखन संस्था निघाल्या. माध्यमिक शालान्त परीक्षेनंतर सुटीत ‘टायपिंगला जाणे’ हा हजारो मुलामुलींचा परिपाठ होता. दहा बोटांनी, कळफलकाकडे न पाहता, समोरच्या मजकुरावर दृष्टी ठेवून लिहिण्याची सवय तेथे लावीत. ज्यांच्याकडे मोठी पदवी किंवा वशिला नव्हता, त्यांना या प्रमाणपत्राने नोकरीचे दार उघडून दिले. अनेक स्त्रियांचा कचेरीतील प्रवेशही याच मार्गाने झाला. जुन्या कारकुनाचे भांडवल चांगले अक्षर हे होते. नव्याचे भांडवल बोटांचा वेग हे झाले. यंत्रावरील या शासकीय परीक्षा २०१७ पर्यंत चालू होत्या. त्यानंतर त्यांची जागा संगणक टंकलेखन परीक्षांनी घेतली.

कचेरीत हस्तलेखन नाहीसे मात्र झाले नाही. तेथे दोन्ही पद्धतींची एक विभागणी रूढ झाली. बाहेर जाणारे पत्र टंकलिखित असे, तर त्यामागील निर्णय नस्तीतील टिपणीवर अधिकाऱ्याच्या हातच्या शेऱ्यात असे. मसुद्यातील काटछाट, समासातील शंका, बदललेले मत यांचा माग हस्ताक्षरातच राही. टंकलिखित पत्र निर्णय सांगते, तर हस्तलिखित टिपणी तो कसा झाला हे सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या भेदाला महत्त्व आहे.

खाजगी पत्रव्यवहार : घरगुती लेखनात टंकलेखन यंत्राला फारसे स्थान मिळाले नाही. भारतात १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आणि १८८० मध्ये टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली. त्यामुळे कोकणातून व घाटावरून मुंबईस आलेल्या चाकरमान्यांचा गावाशी लेखी संबंध राहू लागला. मनिऑर्डरीच्या कागदावरील थोड्या जागेतही चार ओळींची खुशाली लिहीत. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांच्यासाठी मुंबईच्या मुख्य टपालकचेरीबाहेर पत्रलेखक बसत. माथ्यावर ‘श्री’, मग तीर्थरूप, चिरंजीव किंवा सा. न. वि. वि. असा नात्याप्रमाणे मायना व अखेरीस आशीर्वाद किंवा नमस्कार, ही घरगुती पत्राची रीत होती. अशुभ वार्तेचे पत्र वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकीत. अशा व्यवहारात अक्षर हे माणसाच्या उपस्थितीचे चिन्ह मानले जाई. घरच्या माणसाला टंकलिखित पत्र पाठविणे परकेपणाचे वाटे.

मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारानंतर ही मर्यादा उरली नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत खाजगी लेखन प्रथमच मोठ्या प्रमाणावर कळफलकाकडे गेले. टंकलेखन यंत्राने कचेरी बदलली होती, पण घर बदलले नव्हते. मोबाइलने घर बदलले. खुशालीची वारंवारता वाढली. मजकूर तोकडा झाला, मायने लोपले, आणि पूर्वी कधी पत्र न लिहिणारेही रोज काही ना काही लिहू लागले.

संगणकावरील मराठी : संगणकामुळे देवनागरी कळफलकाची समस्या वेगळ्या रीतीने सुटली. कळ आणि आकृती यांचा यांत्रिक संबंध तुटल्याने लिहिणाऱ्याने केवळ ध्वनिक्रम द्यावा व अक्षराची घडण संगणकाने करावी, हे शक्य झाले. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठी समान कळफलक १९८० नंतरच्या दशकात तयार झाला. त्यात स्वर एका हाताला व व्यंजने दुसऱ्या हाताला असून, ऱ्हस्व वेलांटी उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर दिली जाते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय भाषांच्या संगणकीय लेखनात महत्त्वाचे काम केले. भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रणालीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही पुढे बराच काळ निरनिराळ्या कंपन्यांचे परस्परांशी न जुळणारे टंक वापरात होते. एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर अर्थहीन चिन्हांच्या रूपात दिसे. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण कमी झाली. मात्र जुन्या टंकांतील मजकूर रूपांतर केल्यावाचून वाचता येत नाही.

यंत्राने घालविलेली काही रूपे याच काळात परत मिळविण्यात आली. इंग्रजीतून आलेल्या उच्चारासाठी लागणारे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि मराठी हातांना परिचित असलेली पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे पुरस्कारली. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी बोरूच्या वळणांचा अभ्यास संगणकीय टंकरचनेत आणला. ‘मंगल’ हा बहुपरिचित देवनागरी टंक त्यांच्या रचनेचा आहे. चांगला टंक हा चांगल्या हस्ताक्षराचाच वंशज असतो, हे त्यांच्या कार्यावरून दिसते.

रोमन अक्षरे दाबून देवनागरी मिळविण्याची पद्धत आज लोकप्रिय आहे. तिच्यामुळे टंकलेखनाचे शिक्षण न घेताही मराठी लिहिता येते. परंतु लिहिणाऱ्याचा विचार रोमन वर्णांतून वळसा घेऊन येतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची किंवा ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ यांची निवड पुष्कळदा यंत्राने सुचविलेल्या पर्यायावर सोडली जाते.

अधिकृतता व कायदा : लेख कोणी लिहिला हे सिद्ध करण्यासाठी हस्ताक्षर हा पूर्वापार पुरावा आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये हस्ताक्षराबाबत तज्ज्ञांचे व परिचितांचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही ती आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली. मात्र मृत्युपत्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले. दुसऱ्या बाजूस, अस्पष्ट हस्ताक्षराने जिवावर बेतू शकते अशा ठिकाणी सुवाच्यतेचा आग्रह धरला गेला. वैद्यांनी औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला.

हस्तलिखिताचे टंकलिखितात रूपांतर करताना काय घडते याचे उदाहरण भूमिअभिलेखांत मिळते. सातबारा उतारा पूर्वी तलाठी हाताने लिहीत. या नोंदी संगणकात भरताना नावे, क्षेत्र व हिस्से यांत काही चुका झाल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याविषयीचे कलम १५५ वापरून त्या सुधाराव्या लागल्या. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागल्याने खातेदारांची मोठी सोय झाली. परंतु वाद उपस्थित झाल्यास आजही जुने हस्तलिखित अभिलेख काढून पाहिले जातात.

मोडीचा अनुभव : मोडी व्यवहारातून गेली तेव्हा ती गैरसोयीची लिपी गेली, अशीच सर्वसाधारण भावना होती. तिचे मोल आधीच ओळखणारे थोडे होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतील व देवळांतील दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बाळबोधीत प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतर निघाले. तथापि प्रकाशित झाला तो एकूण संचयाचा लहानसा अंश. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील पुराभिलेखागारांत व अनेक खाजगी घरांत हजारो रुमाल अद्यापि बांधलेले आहेत.

हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनींचे जुने हक्क, देवस्थानांची इनामे हे सर्व अंशतः मोडीत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जुन्या मोडी अभिलेखांचे वाचन ही अनेक कुटुंबांच्या दृष्टीने तातडीची बाब बनली आणि मोडी वाचकांची उणीव सर्वत्र जाणवली. पणजोबांनी सहज लिहिलेली ओळ वाचण्यासाठी पणतवाला तज्ज्ञाकडे जावे लागले. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली असून ती आता संगणकावर टंकलिखित करता येते. परंतु टंकलिखित मोडी येणे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचे हस्ताक्षर लागणे, या भिन्न गोष्टी आहेत. त्यासाठी मोडी हाताने गिरविण्याचा सराव करावा लागतो, असा मोडी शिकणाऱ्यांचा अनुभव आहे.

शिक्षण व संशोधन : लेखनपद्धतीचा आकलनावर होणारा परिणाम मानसशास्त्रज्ञांनी तपासला आहे. अमेरिकेतील म्यूलर व ओपनहायमर यांच्या २०१४ मधील अभ्यासात, हाताने टिपणे घेणारे विद्यार्थी संकल्पनांविषयीच्या प्रश्नांत सरस ठरले. कळफलक वापरणारे व्याख्यान शब्दशः उतरवीत, तर हाताने लिहिणाऱ्यांना वेगाच्या मर्यादेमुळे निवड करावी लागे, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढील पडताळ्यांत हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही. लहान मुलांच्या बाबतीत, अक्षर हाताने काढल्यास ते अधिक चांगले ओळखता येते, असे फ्रान्समधील प्रयोगांत (२००५) आढळले. फिनलंडने २०१६ पासून जोडाक्षरी वळणाच्या हस्तलेखनाची सक्ती शाळांतून काढली, तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ते २०२४ पासून प्राथमिक वर्गांत पुन्हा आवश्यक केले. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका हातानेच लिहिल्या जातात. तथापि शाळेबाहेरील लेखन बहुतांशी कळफलकावर होत असल्याने, परीक्षेतील तीन तासांचे सलग लेखन हा आता दैनंदिन सवयीचा भाग राहिलेला नाही.

टंकलेखनाने मराठीला सुवाच्यता, वेग व सार्वत्रिक प्रसार दिला. या लाभांपासून मागे फिरणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु कोणत्याही समाजात हाताने लिहिणे थांबल्यावर थोड्याच पिढ्यांत हाताने लिहिलेले वाचणेही थांबते, हे मोडीच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. विसाव्या शतकातील मराठी पत्रे, रोजनिशा, नस्तींतील टिपण्या आणि लेखकांची हस्तलिखिते बाळबोधीत असली, तरी ती धावत्या हस्ताक्षरांत आहेत. छापील व पडद्यावरील अक्षरांचीच सवय झालेल्या वाचकाला ती उद्या मोडीइतकीच दुर्बोध होऊ शकतात. त्यांचे वेळीच जतन, वाचन व लिप्यंतर करणे आणि शाळेत हस्तलेखनाचा सराव टिकविणे, ही त्यामुळे केवळ सुंदर अक्षराची हौस नसून भाषेच्या स्मृतीची गरज आहे.